पाणी गेलंय, डेक्सा चालू आहे, काउंट १७,८००. संसर्ग धरायचा का?

ग्रामीण_लेबररूम

पहिलटकरीण, ३१ आठवडे. गर्भजलाची पिशवी फुटून पाणी जाऊन ३० तास झाले, कळा नाहीत. स्पेक्युलमने पाहिलं तेव्हा पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. पीव्ही (बोटांनी आतून तपासणी) केलेली नाही. डेक्सा (डेक्सामेथासोन, बाळाची फुप्फुसं पिकवायचं स्टेरॉइड) ६ मिलिग्रॅमचे तीन डोस गेलेत, चौथा संध्याकाळी. अँटिबायोटिक म्हणून एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा चालू आहे.

दाखल करताना टीएलसी (पांढऱ्या पेशींचा काउंट) १२,४००, सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं प्रथिन) १२. आज सकाळी टीएलसी १७,८००, सीआरपी २४. ताप ९९.२, नाडी ९२, बाळाचे ठोके १४४, पोट दुखत नाही.

काउंट दीडपट आणि सीआरपी दुप्पट झाल्यावर संसर्ग धरून डिलिव्हरीकडे वळायचं का? प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणू संसर्गात चढणारी रक्ताची तपासणी) शहरात पाठवलं तर रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल, त्याचा उपयोग आहे का? आणि सीआरपी रोज करायचा का?

चिमटा_कात्री

या आकड्यांवर डिलिव्हरी नको. काउंटचं कारण तुम्हीच लिहिलंय: डेक्सा. स्टेरॉइडने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सुटून प्रवाहात येतात. पहिल्या २४ तासांत काउंट चढतो आणि साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. शिवाय गरोदरपणात १५-१६ हजारांपर्यंतचा काउंट तसाही नॉर्मलच, आणि कळा ऐन भरात असल्या की २५ हजारही दिसतो. डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) पाहा. लिम्फोसाइट कमी आणि इओसिनोफिल जवळजवळ शून्य असतील तर ती स्टेरॉइडची खूण. स्मिअरवर बँड सेल (अपक्व न्यूट्रोफिल) वाढलेत, न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल्स आहेत, असं पॅथॉलॉजिस्ट म्हणाले तर मात्र कान टवकारा.

आईचं रक्त इथे मुळातच उशिरा बोलतं. जंतू खालून वर चढतात, आधी पडद्यांमध्ये आणि पाण्यात मुक्काम करतात, बाळापर्यंत पोचतात. त्याची हाक इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनामार्फत आईच्या यकृतापर्यंत गेली की मग सीआरपी तयार होतो. चढायला ६ ते १२ तास, शिखर गाठायला जवळपास दोन दिवस. म्हणून आजचा नॉर्मल सीआरपी ‘पाण्यात संसर्ग नाही’ असं सांगत नाही, आणि थोडा वाढलेला सीआरपी ‘आहे’ असंही सांगत नाही. आरसीओजीच्या (ब्रिटनच्या प्रसूती-स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या) २०१९ च्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: तपासणी, सीआरपी, काउंट आणि बाळाचे ठोके एकत्र वाचा, एकट्यावर निर्णय नको.

संसर्ग धरायचे, लेबर रूमच्या भिंतीवर लावायचे निकष हे. ताप एकदाच १०२.२ किंवा वर, नाहीतर १००.४ ते १०२ च्या दरम्यान, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजल्यावरही तसाच. त्याच्या जोडीला पुढच्यांपैकी एक तरी: बाळाचे ठोके १० मिनिटं किंवा जास्त वेळ १६० च्या वर, गर्भाशयमुखातून पुवासारखा स्राव, किंवा स्टेरॉइड दिलेलं नसताना काउंट १५ हजारांवर. शेवटची अट नीट वाचा. तुमच्या पेशंटच्या बाबतीत तो काउंट धरायचाच नाही.

आणि कृपा करून ‘अंग दुखतंय’ म्हणून सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल लिहू नका. ताप झाकला की उरलेल्या खुणा वाचायला कोणी जात नाही.

सिरम_स्लाइड

सीआरपी १२ आणि २४ हे आकडे पाहूनच कळतं की ही लॅटेक्स स्लाइड टेस्ट (काचेवर गुठळ्या डोळ्यांनी पाहायची) आहे. ६, १२, २४, ४८ याच पायऱ्या येणार, मधलं काही येणारच नाही. किटची संवेदनक्षमता ६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. सिरम सलाइनमध्ये १:२, १:४, १:८ असं पातळ करत जायचं आणि गुठळ्या दिसणारी शेवटची पायरी गुणिले ६. म्हणजे १:२ ला १२, १:४ ला २४. या पद्धतीत एक पायरी इकडे-तिकडे होणं ही चूकच धरत नाहीत. तेव्हा तुमचा सीआरपी दुप्पट झाला की तेवढाच आहे, हे या टेस्टवरून सांगता येत नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. रीएजंट फ्रीजमधून काढून थेट वापरणं. दोन मिनिटांनंतर वाचणं, कारण थेंब कडेने सुकायला लागला की गुठळ्यांसारखा दिसतो. गरोदरपणात चरबी वाढल्याने सिरम दुधाळ येतं, त्यानेही फसगत होते. सगळ्यात वाईट म्हणजे सीआरपी खूपच जास्त असेल तर न पातळ केलेलं सिरम ‘निगेटिव्ह’ येऊ शकतं. पेशंट तापाने फणफणलीय आणि लॅटेक्स निगेटिव्ह, असं झालं तर लॅबला फोन करून डायल्यूशन लावायला सांगा.

जमलं तर टर्बिडिमेट्रीवर (गढूळपणा यंत्राने मोजायची पद्धत) करून घ्या, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये. एकक तपासा. काही रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात, तिथला २.४ म्हणजे इथला २४.

ग्रामीण_लेबररूम

धन्यवाद. हो, लॅटेक्सच आहे, रिपोर्टवर पद्धत लिहिलेलीच नव्हती, लॅबला विचारून खात्री केली. प्रोकॅल्सिटोनिनचं काय? आणि जवळच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं तर गर्भजल काढून तपासतील का?

चिमटा_कात्री

प्रोकॅल्सिटोनिनचे पैसे वाचवा. ते ४-६ तासांत चढतं, कळांनी आणि सिझेरियनने सीआरपीइतकं बिथरत नाही, तिसऱ्या तिमाहीत साधारण ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असतं. सगळं खरं. पण ते रक्तात पसरलेल्या जिवाणू संसर्गाचं माप आहे. पायलोनेफ्रायटिस (मूत्रपिंडाचा संसर्ग) किंवा सेप्सिसची शंका असेल तर उपयोगी. संसर्ग पडद्यांपुरता असेल तर ते बिनधास्त नॉर्मल येतं. त्यात तुमचा रिपोर्ट दीड दिवसाने. तोवर बाळाचे ठोके सगळं सांगून मोकळे होतील.

सीआरपी रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसीबरोबर (रक्तपेशींची पूर्ण मोजणी), आणि काही बदललं तर लगेच. रोज करायचं ते ताप, नाडी, ठोके आणि पॅड. चार-चार तासांनी, रात्रीसुद्धा. नाडी ९२ वरून ११० गेली तर ती सीआरपीच्या आधी कळते. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) मात्र मागवूच नका, फायब्रिनोजेन वाढल्याने गरोदरपणात तो चढलेलाच असतो.

गर्भजल काढणं हा मोठ्या केंद्राचा निर्णय. पाणी कमी उरलेलं असतं, सुई घालायला जागा मिळेलच असं नाही. काढलंच तर ग्लुकोज १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, ग्रॅम स्टेनवर (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली) जंतू, पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला ५० च्या वर किंवा कल्चर पॉझिटिव्ह, यांना वजन आहे. इंटरल्युकिन-६ सगळ्यात बोलका, २.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेला की आत दाह आहेच, पण तो लगेच करून देणाऱ्या लॅब कमी.

सिरम_स्लाइड

त्यात भर. ग्लुकोजचा नमुना करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्येच. साध्या ट्यूबमध्ये तासभर पडला तर पेशी साखर खात राहतात आणि खोटाच कमी आकडा येतो. योनीत साठलेलं पाणी सिरिंजने ओढून ‘गर्भजल कल्चर’ म्हणून पाठवू नये, त्यात योनीतलेच जंतू उगवतात. आणि ग्रॅम स्टेन निगेटिव्ह म्हणून निश्चिंत होऊ नका. या संसर्गात वरचेवर सापडणारे यूरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा यांना पेशीभित्तिकाच नसते, ते स्टेनवर दिसत नाहीत आणि नेहमीच्या कल्चरवर उगवत नाहीत.

वॉर्मर_शेजारी

बालरोगाच्या बाजूने. ३१ आठवड्यांचं बाळ आहे, त्यामुळे आई स्थिर असतानाच एनआयसीयू (नवजात अतिदक्षता कक्ष) असलेल्या ठिकाणी पाठवा. पोटातलं बाळ हाच सगळ्यात चांगला ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर.

सोबतच्या कागदावर पाणी गेल्याची वेळ, प्रत्येक डेक्सा आणि अँटिबायोटिकची वेळ, आईचा सगळ्यात जास्त ताप, आणि सीआरपी कोणत्या पद्धतीने केला ते लिहा. जन्मताच बाळाचा सीआरपी नॉर्मल येतो, त्याने फसू नये. आईचा सीआरपी वारेतून फारसा पलीकडे जात नाही आणि बाळाच्या यकृताला स्वतःचा बनवायला वेळ लागतो. म्हणून तो पुन्हा १८ ते २४ तासांनी. बाळाचं प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवशी आपोआपच चढतं, मोठ्यांचा कट-ऑफ तिथे लावू नका. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, किमान १ मिलिलिटर. ०.३ मिलिलिटर घालून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणण्याला अर्थ नाही.

डिलिव्हरी कुठेही झाली तरी वार फेकू नका. कल्चर हवं असेल तर अम्निऑन आणि कोरिऑन (पडद्याचे आतला आणि बाहेरचा थर) वेगळे करून मधला स्वॅब आधी घ्या, मग १० टक्के फॉर्मलिनमध्ये पूर्ण बुडेल अशी ठेवा. उलट क्रमाने केलं तर जंतू फॉर्मलिनमध्येच मेलेले असतात.