पिल्लांचे दूध तोडताना : बेळगाव भागातील अनुभव

कुत्रीच्या पिल्लांना आईच्या दुधावरून वरच्या अन्नावर आणण्याची बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात घरोघरी निराळी रीत आहे. आपण काय दिले, केव्हा दिले आणि पिल्लांनी ते कसे घेतले, एवढेच येथे सविस्तर लिहावे. कोणती जात श्रेष्ठ, हा वाद कृपया टाळावा.

अथणी, शेतकरी

आमच्याकडे मुधोळ जातीची कुत्री आहे. ही जात मुळातच सडपातळ असल्याने बाळंतिणीच्या बरगड्या दिसू लागल्या की घरातली माणसे पिल्लांना तोडायची घाई करतात. माझ्या मते बरगड्या पाहून आईचा खुराक वाढवावा आणि दूध तोडण्याचा निर्णय पिल्लांच्या हिरड्या पाहून घ्यावा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुईसारखे दात फुटतात आणि ते टोचू लागले की आई उभ्यानेच पाजते किंवा मध्येच उठून जाते. तेव्हा आम्ही नाचणीची बिनमिठाची पातळ पेज करून, तीत उकडलेले अंडे कुस्करून, कोमट असताना उथळ परातीत मांडतो. पहिल्या दिवशी पिल्ले पेज खातात कमी आणि तिच्यातून चालतात जास्त. पेज पंजांना, कानांना, शेपटीला लागते आणि एकमेकांना चाटता चाटता त्यांना चव कळते. शेवटी आईच परात आणि पिल्ले दोन्ही स्वच्छ करते. पुढे पेज रोज थोडी घट्ट करीत जावी आणि दिवसातून चार वेळा थोडी थोडी द्यावी. पाण्याचे भांडेही याच वेळी, पण उथळच ठेवावे.

शहापूर, गृहिणी

पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्याली. बोळातल्या प्रत्येक घरातून गाईचे दूध येऊ लागले आणि पिल्लांना हगवण लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात, उलट दुधातली साखर गाईच्या दुधात जास्त असते आणि तीच पिल्लांना पचत नाही. त्यानंतर मऊ भात आणि मीठ न घालता उकडलेल्या चिकनचे बारीक कुस्करलेले तुकडे यांवर ती चांगली धरली. कांदा-लसणाचा रस्सा आम्ही कटाक्षाने वर्ज्य ठेवला, कारण तो कुत्र्यांना बाधतो. एका काकूंनी कुंदाही आणला होता. बेळगावकरांना कुंद्यावाचून कौतुक करता येत नाही, पण तो आम्हीच खाल्ला.

खानापूर

आमची कुत्री भाकरी खाऊन पिल्लांजवळ जाई, सगळे ओकून टाकी आणि पिल्ले ते चाटून पुसून खात. घरचे घाबरले होते, परंतु पिल्लांना वरच्या अन्नाची सवय लावण्याची काही कुत्र्यांची ही उपजत रीत आहे. अशा वेळी आईला मोठे हाडाचे तुकडे घालू नयेत आणि तिला पुन्हा थोडे खायला द्यावे.

चिकोडी, पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त

पोट फुगलेले आणि अंग मात्र वाळलेले पिल्लू दिसले की लोक खाणे बदलत बसतात, पण कारण बहुधा जंत असतात, जे आईच्या दुधातूनही पिल्लांत येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, वजन करून घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. आई थरथरू लागली, पाय ताठ झाले, धाप लागली, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घटलेले असू शकते. पिल्ले ताबडतोब दूर करून तिला दवाखान्यात न्यावे, कारण उशीर जिवावर बेततो. आणखी एक गोष्ट म्हणजे खायला लागले म्हणून पिल्लू लगेच कुणाला देऊन टाकू नये. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. फुकट देतानाही तेच पाळावे, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांत आणि आईजवळच शिकते.

निपाणी

पिल्ले पोटभर खाऊ लागली की आईचा खुराक हळूहळू पूर्वीइतका करावा, म्हणजे दूध आटते. सड पिळून रिकामे करू नयेत, त्याने दूध उलट वाढते. सड गरम, कडक किंवा लाल झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.