'प्लायोमेट्रिक'ला मराठीत काय म्हणाल?

पळताभुई: धावपटूंसाठी व्यायामाचं पत्रक मराठीत करतोय. 'प्लायोमेट्रिक'पाशी, म्हणजे पाय टेकताच लगेच उसळायच्या व्यायामांपाशी अडलोय. 'उडी-व्यायाम' लिहिलं, पण नेमका अर्थ निसटतो असं वाटतंय.

जुनं_खोडरबर: व्युत्पत्तीच्या मागे लागू नका. ग्रीकमधलं 'अधिक' आणि 'माप' जोडून काही हाती लागत नाही. १९७५ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी तो शब्द वापरात आणला. त्याआधीपासून सोव्हिएत संघात युरी वेर्खोशान्स्की उंचावरून खाली उतरून लगेच वर झेपावायचा सराव घेत होते. त्यांनी त्या सरावाला दिलेलं नाव साधं, 'धक्का पद्धत'.

चवडा: धक्का वाचून नवखा पळूनच जाईल! मी 'उसळी-सराव' म्हणतो. उडी मारण्याआधी माणूस वाकतो, दम घेतो, हवा तेवढा वेळ घालवतो. उसळीला ती मुभा नाही, चेंडू टेकला की उसळलाच. सगळी मेख त्या टेकण्यात आहे. पाय टेकताना पोटरी नि टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि आखडताना परत देते. मध्ये रेंगाळलात की तिची उष्णता होऊन जाते. पाव सेकंदाच्या आत पाय सुटला तर ती जलद उसळी. भरधाव पळताना तर टेकायला ०.१ सेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो.

पळताभुई: पटलं. 'रेझिलियन्स'ला 'लवचिकता' घातलंय.

जुनं_खोडरबर: खोडा ते. लवचीक म्हणजे वेताच्या छडीसारखं वाकणारं. वाचणारा पाय ताणत बसेल.

चवडा: 'चिवटपणा' लिहा. कंडरा भार सोसत सोसत चिवट होते, आणि स्नायूंपेक्षा सावकाश. म्हणून दोन सत्रांत निदान ४८ तास सोडतात. शिवाय 'लोअर लेग'ला नुसतं 'पाय' नको, आपला पाय कमरेपासून बोटांपर्यंत पसरलेला! 'पोटरी-घोटा' म्हणा.

पळताभुई: आणि 'पॉवर' म्हणजे ताकद?

जुनं_खोडरबर: नाही हो. जड वजन सावकाश उचललं तरी ती ताकद. पॉवरमध्ये वेळ मोजला जातो. भौतिकशास्त्रात तिला 'शक्ती' म्हणतात, पण बोलताना शक्ती नि ताकद एकच. 'शक्ती'च ठेवा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात फरक सांगा.

पळताभुई: बरं. 'डेप्थ जंप'ला, म्हणजे त्या उंचावरून उतरून लगेच झेपावण्याला, 'उतर-उसळी' कसं वाटतं?

चवडा: तीनदा म्हणून पाहिलं. जीभ अडखळते. डेप्थ जंपच राहू द्या.