आयबी डिप्लोमा: २४ गुण झाले की झालं का? आणि कॅस गावी केलं तर?

थिबा_पॉइंट (प्रश्न)
भाची पुण्यात निवासी शाळेत आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या अकरावीला आहे. एचएल (वरच्या पातळीचे विषय): बायॉलॉजी, केमिस्ट्री, इंग्लिश. एसएल (साधारण पातळीचे): मॅथ्स, इकॉनॉमिक्स, हिंदी. शाळेच्या पत्रकात पास व्हायला ४५ पैकी २४ गुण एवढंच ठळक छापलंय. तेवढं पुरतं का? सुट्टीत ती मंडणगडला आजोळी असते, वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांचं काम कॅसमध्ये (सर्जनशीलता, कृती आणि सेवा हा डिप्लोमाचा सक्तीचा भाग) धरतात का? आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा द्यायची म्हणाली तर?

खारभूमी
२४ ही फक्त पहिली अट. सहा विषय गुणिले ७ म्हणजे ४२, वर टीओके (थिअरी ऑफ नॉलेज) आणि ईई (एक्स्टेंडेड एसे, म्हणजे दीर्घ निबंध) मिळून जास्तीत जास्त ३. पण एचएलच्या तीन विषयांत मिळून १२ आणि एसएलच्या तीन विषयांत मिळून ९ हवेतच. कुठल्याही विषयात १ नको. २ दोनपेक्षा जास्त वेळा नको, ३ किंवा त्याखालचे ग्रेड तीनपेक्षा जास्त नकोत. टीओके किंवा ईईत ई ग्रेड आला तरी डिप्लोमा गेला.

हिशेब करून बघा. एचएल ४, ४, ३ म्हणजे ११. एसएल ५, ५, ४ म्हणजे १४. टीओके आणि ईई दोन्हीत सी, त्याचा १. एकूण २६, तरी डिप्लोमा नाही, कारण एचएलला एक गुण कमी पडला. मग हातात नुसता विषयवार निकाल येतो. पुन्हा बसता येतं, पण सगळ्या मिळून तीनच परीक्षा-सत्रांत. पहिल्या वर्षाच्या शेवटी एचएलच्या एखाद्या विषयात ३ दिसत असेल तर तो एसएलला उतरवता येईल का हे तेव्हाच विचारा. मात्र तीन एचएल राहायलाच हवेत, म्हणजे दुसरा कुठलातरी वर चढवावा लागेल.

बाणकोट_खाडी
कॅसबद्दल. त्याला गुण नाहीत, पण ते पूर्ण नसेल तर डिप्लोमा अडतो. साधारण १८ महिने चालू दिसलं पाहिजे, सातही अपेक्षित निष्पत्तींचा पुरावा हवा, आणि इतरांसोबत केलेला निदान महिनाभराचा एक प्रकल्प हवा.

कासव महोत्सवाला जाऊन पिल्लं समुद्रात जाताना पाहिली, फोटो लावले, ह्याला शाळेतले कोऑर्डिनेटर सही देणार नाहीत. ती सहल झाली. घरच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरणंही नाही, ते घरचं काम. गावाची गरज शोधणं, आखणी, काम, मग त्यावर लिहिणं, असा क्रम दिसायला हवा. वेळासला येणाऱ्यांना माहिती सांगणारे फलक, घरगुती निवासाचा कचरा वेगळा करण्याची व्यवस्था, असलं काही गावातल्यांना विचारून केलं तर चालतं. घरट्याला किंवा अंड्यांना हात लावायचा विचारही नको: ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. आणि हंगाम बघा. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात, तेव्हा भाची शाळेत असणार. आजोळी येईल तेव्हा वाळू रिकामी.

एकच काम ईईत आणि कॅसमध्ये दोन्हीकडे दाखवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

खारभूमी
ईईचा विषय निघालाच तर: बायॉलॉजीत घ्यायची असेल तर कासवांपेक्षा खाडीच्या पाण्याचा खारेपणा आणि तिवरांची झाडी हा विषय सोपा. मुखाकडून आत जाताना निदान पाच जागा, प्रत्येक ठिकाणी पाच रीडिंग, सगळी भरतीच्या एकाच टप्प्यावर. मोजमाप पाऊस लागायच्या आत, मे महिन्यातच उरका. मृगाच्या सरी एकदा कोसळल्या की गोडं पाणी मिसळतं आणि तुलना फसते. नमुने तोडायचे नाहीत, तिवरं संरक्षित आहेत.

मर्यादा ४००० शब्दांची. त्यापुढचं परीक्षक वाचत नाही, आणि निष्कर्ष शेवटीच असतो! परिशिष्ट वाचायलाही तो बांधील नाही, म्हणून महत्त्वाचे आकडे मजकुरातच ठेवा.

सावंतवाडी_संस्थान
नीटचं आधी बघा, बाकी नंतर. ह्या निवडीत फिजिक्स नाही. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्लिश लागतं. आयबीच्या सहा विषयगटांच्या नेहमीच्या चौकटीत दोन सायन्सच बसतात, दुसरं सहाव्या गटातल्या कलाविषयाच्या जागी, आणि ती जागा केमिस्ट्रीनं भरली आहे. तिसरं घ्यायचं तर 'नॉन-रेग्युलर डिप्लोमा', म्हणजे नेहमीची चौकट मोडणारी विषयनिवड. विद्यापीठाची अट दाखवून शाळेनं आयबीकडून आधी मंजुरी घ्यायची असते, आपण परस्पर घेता येत नाही. दुसरी वाट म्हणजे बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून फिजिक्स अतिरिक्त विषय म्हणून देणं, जे एनएमसीनं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२३ मध्ये मान्य केलं. वर्ष मात्र जातं.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली आणि डोमिसाइल लागतं. भाची पुण्यात शिकतेय, म्हणजे तिथे अडचण नसावी. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, त्यामुळे एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघ) समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे आयबी बारावीच्या बरोबरीचं असल्याचा दाखला, लागणार असेल तर बाकीची कागदपत्रं जूनमध्येच गोळा करून ठेवा.

थिबा_पॉइंट
फिजिक्सचं कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी कोऑर्डिनेटरना नॉन-रेग्युलरबद्दल विचारतो. इकॉनॉमिक्स सोडावं लागेल का?

सावंतवाडी_संस्थान
हो, बहुधा तेच. दोन भाषा आणि मॅथ्सला हात लावू देणं कठीण. जाताना एनएमसीच्या पात्रतेच्या अटींची छापील प्रत बरोबर न्या, अर्जाला तीच जोडायची असते.