नोकरी सांभाळून गाणी होत नाहीयेत, सोडायची हिंमतही नाही. तुम्ही कसं ठरवलंत?

अर्धवट_चाल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण डोक्याचा पार भुगा झालाय. मी गिटार वाजवते, स्वतःची गाणी लिहिते, चाली लावते, घरीच रेकॉर्ड करते. पोटापाण्याला नोकरी आहे, हिशेबाचं काम, बरं चाललंय, बॉससुद्धा माणसासारखा आहे, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. पण रात्री सगळं आवरून गिटार हातात घेईपर्यंत अंगात काही उरलेलंच नसतं. कशीबशी एक ओळ होते, ती आवडत नाही, मग मोबाईल हातात येतो आणि मग बघत बसायचं की अमक्याचं गाणं किती लोकांनी ऐकलं, तमकीला कुठे बोलावलं. यातले दोघंतिघं माझ्याबरोबर शिकलेले. त्यांचं काही चांगलं झालं की मी लाइक करते, छानशी कमेंट टाकते, आणि आतून नुसता जळफळाट, आणि तो झाला की स्वतःचीच लाज वाटते. एरवी मी इतकी वाईट नाहीये हो.

माइंडसेटवरचे व्हिडिओ बघून झालेत. एक म्हणतो पॅशनच्या मागे जा, दुसरा म्हणतो शिस्त लावा, आणि शेवटी दोघंही कोर्स विकतात. म्हणून इथे विचारतेय, गाणं, वाजवणं, चित्रं, लिखाण, काहीही करणारे असाल तर सांगा, पूर्णवेळ उतरायचं की नाही हे कसं ठरवलंत? नोकरी सोडू का मी?

मंद्र_सप्तक
सोडू का याचं उत्तर इथे कोणी देऊ शकणार नाही आणि देणाऱ्याचं ऐकूही नका. मी व्हायोलिन शिकवतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून सारखा येतो, आणि मी उलटा प्रश्न विचारतो की दिवसातले तुमचे ताजे तास कोणाला जातात? तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे, ऑफिसला ताजी तुम्ही आणि गाण्याला उरलीसुरली तुम्ही. नोकरी सोडलीत आणि गाणं तरीही रात्री अकरालाच राहिलं तर काय फरक पडणार?

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं घ्या. १९७६ साली त्याचा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता. त्याआधी प्लंबिंगची कामंही केलेली. निव्वळ संगीतावर जगायला लागला तेव्हा वय ४१. म्हणजे नोकरी आहे म्हणून आपण अर्धे कलाकार, हे आधी डोक्यातून काढा.

दुसरं, १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला दहा हजार तासांच्या रियाजाचा आकडा पुढे जगभर फिरला. खरं तर ती सर्वांत चांगलं वाजवणाऱ्या, वरच्या गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी, तिथे पोचलं की काम फत्ते असं त्यात कुठेच नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, जी कोणी सांगत नाही. वरच्या गटातली मुलं एकट्याने करायचा रियाज जास्त करून दुपारच्या जेवणाआधी करायची, तासदीड तासाने थांबायची, आणि दुपारी चक्क झोपायची. लक्ष देऊन केलेलं काम माणसाला दमवतं, म्हणून ते ताज्या वेळेला करायचं. ऑफिसच्या आधी पाऊण तास मिळतो का बघा. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

रंगाचा_डबा
वरच्यांशी अर्धी सहमत. ग्लासचं उदाहरण देताना एक गोष्ट निसटते, टॅक्सी उभी केली की काम संपतं, ते डोक्यात घरी येत नाही. काही नोकऱ्या डोक्याचा तोच भाग खातात जो तुम्हाला कलेला लागतो. मी जाहिरातींची चित्रं काढायचे, पगारी, आणि घरी आल्यावर पेन्सिल बघवायची नाही. माझ्या बाबतीत सोडणं बरोबर ठरलं. तुमचं हिशेबाचं काम आहे, ते तसं खातं का हे तुम्हालाच ठाऊक.

पण सोडल्यावर काय होतं तेही ऐका. आता मी स्वतंत्र काम करते, आणि आठवड्याचा मोठा हिस्सा जातो तो इमेल, बिलं, पैसे आले का म्हणून मागे लागणं, आणि "थोडासाच बदल आहे" अशा फोनांमध्ये. पूर्णवेळ कलाकार म्हणजे अर्धवेळ कारकून, हे कोणी आधी सांगत नाही. तुम्हाला हिशेब येतात म्हणजे खरं तर इथल्या निम्म्या लोकांच्या पुढे आहात तुम्ही, हसू नका. मी काम सुरू करायच्या आधी काही रक्कम घेते, किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहून ठेवते, आणि काम मध्येच रद्द झालं तर किती मिळणार तेही. हे तीन नसतील तर मैत्रिणीचंही काम घेत नाही, मैत्रिणीचं तर नाहीच नाही. हे बोलणी करणं तुमच्या अंगावर काटा आणत असेल तर नोकरी राहू दे आणि गाणी स्वतःच्या मर्जीने करा. त्यात कमीपणा काय आहे?

टाळ_कुटणारा
सोडू नका. आधी काही महिने पगारातला निम्मा भाग बाजूला टाकून उरलेल्यात जगून बघा. जमलं तर पुढचं बोलू.

अर्धवट_चाल
सगळ्यांचे आभार. @मंद्र_सप्तक, सकाळचं करून बघते, उठणं हे वेगळंच युद्ध आहे पण बघते. @रंगाचा_डबा, नाही, हिशेबाचं काम डोक्यात घरी येत नाही, हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. पण एक सांगू का, जळफळाटाबद्दल कोणीच बोललं नाही. सगळ्यांनी सभ्यपणे बाजूने वळसा घातलात.

बेसवाली
मी बोलते. मी दुसऱ्यांच्या गाण्यांवर बेस गिटार वाजवते, स्टुडिओत आणि स्टेजवर, म्हणजे जळायची सोय रोजची.

जळफळाट होतो तेव्हा नक्की कशावर होतो ते बघायचं. त्या मुलीचं गाणं तुमच्यापेक्षा चांगलं आहे म्हणून, की तिला बोलावणारे लोक आहेत म्हणून, की तिच्याकडे दिवसभर वेळ आहे म्हणून? या तिन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असेल तर गाणं उघडून बसा आणि तिने नक्की काय केलंय ते वाजवून बघा, जळण्याचा त्याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. दुसरी असेल तर लोकांना भेटायला लागा, घरात बसून कोणी बोलावत नसतं. आणि तिसरी असेल तर ते तिचं नशीब, त्यावर तुम्ही काहीच करू शकत नाही, जळून घ्या आणि झोपा.

आकड्यांबद्दल, ते काय मोजतात ते तरी माहीत करून घ्या. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम. आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे श्रोता पहिल्या तीस सेकंदांत पळाला नाही एवढंच तो आकडा सांगतो. गाणं कोणाला रात्री झोपू देत नाहीये का, हे त्यात येत नाही. आणि मला जी कामं मिळतात त्यातली जवळजवळ सगळी आकड्यांवरून मिळालेली नाहीत. वेळेवर येते, गाणं आधी ऐकून येते, वाजवताना तोंड वाकडं करत नाही, म्हणून परत फोन येतो. ऐकायला फार बोअर आहे, मान्य.

एक कामाचं. कोणाबरोबर मिळून गाणं केलंत तर त्याच दिवशी लिहून ठेवा की चाल कोणाची किती, शब्द कोणाचे किती. गाण्याचा हक्क वेगळा आणि त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, हे लोकांना भांडण झाल्यावर कळतं. गाणं चाललं नाही तर कागद वाया जाईल एवढंच, आणि चाललं तर मैत्री वाचेल.

काठावरचा_श्रोता
"एक ओळ होते, ती आवडत नाही" हे वाक्य सगळ्यांनी सोडलं, मला तेच खरं दुखणं वाटतंय. लिहिणं आणि पारखणं तुम्ही एकाच बैठकीत करताय. पोळी तव्यावर टाकतानाच फुगली का म्हणून बघण्यातला प्रकार. ओळ झाली की मोबाईलमध्ये ओबडधोबड रेकॉर्ड करा, तारीख टाका आणि ऐकूच नका. आठवड्याने एक दिवस फक्त ऐकायचा, त्या दिवशी नवीन काही करायचं नाही.

रशियन संगीतकार रखमनिनोवची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १८९७ मध्ये सपशेल आपटली, त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्याच्याकडून म्हणावं असं काही लिहून झालं नाही. मध्ये तो एका ऑपेरा कंपनीत वाद्यवृंदाचं संचालन करत होता, म्हणजे संगीताच्या जवळ राहिला पण निर्मितीचं ओझं डोक्यावर घेतलं नाही. मग निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरकडे उपचार घेतले, आणि १९०१ मध्ये दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पूर्ण झाला, तो त्याने त्या डॉक्टरलाच अर्पण केला. मला यातली मधली नोकरी आवडते. काही होत नसेल तेव्हा दुसऱ्यांची गाणी बसवा, शिकवा, कोणाच्या मागे साथीला वाजवा. आणि आतलं अगदीच अंधारलं असेल तर माणसाशी बोला, डॉक्टरशी, व्हिडिओशी नाही.

ढोबळमानाने
सगळे रखमनिनोव आणि ग्लास काय देताय? टॅक्सी चालवून ४१ व्या वर्षी ग्लास झालेला एक, आणि टॅक्सी चालवत राहिलेले किती, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. जे वर आले त्यांचीच गोष्ट छापली जाते आणि मग त्यांचं प्रत्येक पाऊल शहाणपणाचं वाटायला लागतं. या ताईंनी सगळं बरोबर केलं, पहाटे उठल्या, कागद लिहिले, तरी गाणं चालेलच असं नाही. नशीब हा मोठा भाग आहे हे स्पष्ट बोला की.

मंद्र_सप्तक
@ढोबळमानाने, मुद्दा शंभर टक्के मान्य. ग्लासचं उदाहरण "असं केलं की यश मिळतं" यासाठी नव्हतंच. मोठ्या ऑपेरा हाउसमध्ये आपलं काम होऊनही माणसाला टॅक्सी चालवावी लागते, म्हणजे कामाचा दर्जा आणि पोटाची सोय या दोन गोष्टी एकत्र चालतीलच असं नाही, यासाठी होतं. तुम्ही म्हणताय ते आणि मी म्हणतोय ते एकच आहे बहुतेक, तुम्ही फक्त जास्त चिडून म्हणताय :)

नशीब आहे म्हणूनच मी विद्यार्थ्यांना विचारतो, हे कधीच चाललं नाही तरी पहाटे उठून वाजवशील का? काही जण नाही म्हणतात, आणि त्यांचं मला काही चुकीचं वाटत नाही. कुठल्यातरी वाद्यवृंदात जागा हवी असते त्यांना, ती मिळवायची तयारी वेगळ्या पद्धतीने करायची असते, मग आम्ही तशी करतो.

अर्धवट_चाल
@ढोबळमानाने तुमची पोस्ट वाचून का कोण जाणे बरंच हलकं वाटलं. @मंद्र_सप्तक तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, पण ते मी आज रागात देतेय का ते महिन्याने बघते. नोकरीचा विषय तोवर बंद. @बेसवाली, जळफळाट तपासला. तिसरा निघाला, वेळेचा. आणि थोडा पहिला, एका गाण्याबाबत, त्यात तिने अंतऱ्यात सूर बदललाय तो मला अजून पकडता येत नाहीये, शनिवारी घेऊन बसणार आहे. तो वाटणीचा कागद कसा लिहायचा, नमुना आहे का कोणाकडे? पुढच्या महिन्यात एका मित्राबरोबर दोन गाणी करतोय आणि मी अजून त्याच्याकडे विषयच काढलेला नाही.

बेसवाली
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मित्राला आधी पाठवा, भेटल्यावर काढू म्हणालात तर राहून जाईल. आणि त्यात वाद्यं कोण वाजवणार आणि त्याचे पैसे कोण देणार याची ओळ मुद्दाम टाकलीये, ती खोडू नका.