पहिला चांगला हेडफोन घ्यायचाय, बजेट ४० हजार, ओपन बॅक घेऊ की क्लोज्ड? (ठाणे)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. इथले हेडफोनचे धागे बरेच दिवस नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. आत्तापर्यंत ऑफिसच्या कॉलसाठी घेतलेला नेकबँड आणि फोनबरोबर आलेले इअरफोन, एवढंच वापरलंय. मध्ये ऐरोलीला ऑफिसातल्या एका मित्राने जेवणाच्या सुट्टीत त्याचा सेनहायझर एचडी ६०० कानाला लावून दिला, भीमसेनजींचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं, आणि मागचा तंबोरा इतका स्पष्ट ऐकू आला की मी गाणं सोडून तेच ऐकत बसलो. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

बोनसमधले ४० हजार बाजूला काढलेत, बायकोलाही मान्य आहे. ऐकतो जास्त करून शास्त्रीय आणि जुनं नाट्यसंगीत, मग रहमान, कधीतरी रॉक. लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे. राहतो मानपाड्याला, हॉलची खिडकी घोडबंदर रोडच्या बाजूला, आणि रात्री अवजड गाड्या सुरू झाल्या की काय आवाज असतो ते इकडच्यांना सांगायला नको. वाचून वाचून गोंधळ झालाय. कोणी म्हणतं प्लॅनरच घे (सपाट पातळ पडद्यावाला प्रकार), कोणी म्हणतं निम्मे पैसे डॅक-अँपला ठेव (सिग्नल बदलणारे आणि वाढवणारे डबे), कोणी म्हणतं हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या, फाइल्स नसतील तर काही उपयोग नाही. नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची?

सीवूड्सवाला

स्वागत आहे. मॉडेलची नावं जरा बाजूला ठेवा आणि आधी हे सांगा की तुम्ही नक्की कुठे आणि किती वाजता ऐकणार आहात, कारण ४० हजारात चांगले हेडफोन भरपूर आहेत, पण तुमच्या त्या खिडकीशेजारी त्यातले निम्मे वाया जातील.

ओपन बॅक म्हणजे ड्रायव्हरच्या, आवाज काढणाऱ्या भागाच्या, मागची बाजू बंद नसते, जाळी असते. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढला तेव्हापासून हा प्रकार आहे. मागचा आवाज कपात कोंडून परत कानावर आदळत नाही, म्हणून गाणं मोकळं वाटतं, डोक्याच्या आत बसल्यासारखं वाटत नाही. पण जाळी दोन्ही बाजूंनी जाळीच असते हो. बाहेरचा ट्रक आत येतो आणि तुमची तान बाहेर, शेजारी कोणी झोपलं असेल तर त्याला सगळी मैफल ऐकू जाते.

आणि आवाज आत येतो म्हणजे नुसता त्रास होतो असं नाही. ट्रकची घरघर, पंखा, एसी हे सगळं खालच्या पट्टीतलं, ते पहिल्यांदा काय गिळतं तर डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे तुम्ही ज्यासाठी पैसे घालताय नेमकं तेच. मग माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे आणि वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८९ वर गेलात की आठवड्याला ५ तास उरतात. गोंगाटाच्या खोलीत ८९ ला पोचायला काहीच लागत नाही. कान परत मिळत नाहीत म्हणून हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

क्लोज्ड बॅकने सगळं थांबतं असंही समजू नका. वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे बोलणं, टीव्ही, मिक्सर, हे बरंच अडतं, खालची घरघर थोडी येतेच. तिथे नॉइज कॅन्सलिंग लागतं, पण ते लोकलसाठी वेगळं घ्या कधीतरी, या ४० हजारात मिसळू नका.

तंबोरा_नौपाडा

सीवूड्सवाले दादा, तुमचं सगळं पटतंय, पण शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाला इतक्या लवकर ओपन बॅकपासून दूर नेऊ नका. मी गाणं शिकते, घरी रियाजाला तंबोरा असतो, त्यामुळे जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खरी कशी ऐकू येते ते माहितीये. तार छेडल्यावर लगेच येतो तो स्वर वेगळा आणि मग जवारी उघडत जाते, एकेक वरचा स्वर त्यातून निघतो, काही वेळा गंधार आपोआप ऐकू येतो, हे सगळं विरत जाण्यात असतं. स्वस्त क्लोज्ड हेडफोनमध्ये कपाचाच एक गुंजारव त्यावर बसतो आणि हे विरत जाणं मळकट होतं. एचडी ६०० ओपन आहे, त्यावर होत नाही. तो १९९७ पासून विकला जातोय तो काही उगाच नाही.

घोडबंदरकर, अजून एक. तुम्ही जुनं नाट्यसंगीत म्हणालात, ती बहुतेक रेकॉर्डिंग मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच. म्हणजे ‘साउंडस्टेज केवढा मोठा’, गाणं किती पसरलेलं वाटतं, म्हणून लोक जी भांडणं करतात त्याचा तुम्हाला अर्ध्या वेळेला काहीच उपयोग नाही. तुम्हाला हवा मधला भाग, जिथे गळा असतो, ऑर्गन असतो, सारंगी असते, तो खरा वाटणारा हेडफोन. आणि वरची पट्टी टोचणारी नको, कारण जुन्या तबकड्यांची खरखर त्यावर चढून येते आणि दोन पदांत कान दुखायला लागतात. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० म्हणूनच मी नाट्यसंगीतवाल्यांना सुचवत नाही, रॉकला छान आहे.

घरात मागची एखादी खोली आहे का? खिडकी बंद करून बसता येत असेल तर ओपनच घ्या.

बेलापूर_लोकल

अँपबद्दल मी सांगतो. निम्मे पैसे डॅक-अँपला हा सल्ला अजिबात ऐकू नका. डॅकचं काम आकड्यांचा विद्युत सिग्नल करणं, ते आता फोन-लॅपटॉपला लावायचे अगदी छोटे डोंगलसुद्धा इतकं स्वच्छ करतात की फरक कानाला पकडता येत नाही. अँप कधी लागतो तर हेडफोन चालवायला जड असेल तेव्हा, आणि जड म्हणजे नुसते ओहम (विजेला होणारा विरोध) बघून चालत नाही. एचडी ६०० आहे ३०० ओहमचा, त्याला व्होल्टेज लागतं पण करंट अगदी थोडा. हायफायमॅन सुंदारासारखा प्लॅनर त्याच्या जवळपास नवव्या हिश्शाएवढ्या ओहमचा, पण त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच शक्तीत किती मोठा वाजतो ते, कमी, म्हणून तो करंट ओढतो. ओहम बघून ‘हा फोनवर चालेल’ म्हणून घेतात आणि मग आवाज मरतुकडा येतो म्हणून हेडफोनला नावं ठेवतात.

ॲपलचा टाइप सी डोंगल लॅपटॉपला लावला तर साधारण १ व्होल्ट देतो, एचडी ६०० ला घरात ऐकायला तेवढं पुरतं. फक्त अँड्रॉइड फोनवर तोच डोंगल बऱ्याचदा खूप हळू वाजतो, तिथे दुसरा घ्यावा लागेल. ३-४ हजारात चांगला डोंगल येतो, त्याच्या वर खर्च करायचा तो नंतर, गरज वाटली तर. केबलवर शून्य रुपये.

हाय-रेझचंही तेच. सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ माणसाच्या कानाला पुरून उरतं. जुन्या टेपवरच्या गाण्यात टेपचाच आवाज त्याच्या कितीतरी वर असतो, मोठी फाइल घेऊन तो कमी होत नाही. चांगलं रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने साफ केलेली प्रत) शोधण्यात वेळ घाला, तो फरक खरंच मोठा असतो, एकच पद दोन वेगळ्या अपलोडमध्ये ऐकून बघा.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मागची बेडरूम आहे पण तिथे बायको आणि दोन वर्षांची मुलगी झोपतात. ऐकणार रात्री साडेदहानंतर, हॉलमध्ये. खिडक्या स्लाइडिंगच्या आहेत, बंद केल्या की ट्रकचा आवाज बराच कमी होतो पण पंखा तर लागतोच. आणि मला चष्मा आहे, जाड दांडीचा, त्याने काही फरक पडतो का?

सीवूड्सवाला

चष्म्याने पडतो, आणि क्लोज्डमध्ये जास्त पडतो. पॅड कानाभोवती सगळीकडून टेकलं तरच बेस टिकतो, दांडीमुळे कानाच्या मागे बारीकशी फट राहते आणि तिथून बेस निसटतो. लावून बघताना डग्गा किंवा बेस गिटार चालू असताना दोन्ही कप हाताने हलके दाबा. दाबल्यावर बेस एकदम भरून आला तर तुमच्या चष्म्याला ते पॅड बसत नाहीये, दुसरं बघा. मखमली मऊ पॅड दांडीला सामावून घेतात, रेक्झिनचे कडक पॅड नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात रेक्झिनखाली घाम, आणि पावसाळ्याच्या दमटपणात त्याची सालं निघतात. हेडफोन कपाटात ठेवाल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा, मखमलीला वास येत नाही मग.

मुलगी झोपते त्या खोलीचं दार लावलेलं असेल तर ओपन बॅकचा आवाज तिथवर जाणार नाही, तो शेजारच्या सोफ्यावर बसलेल्याला ऐकू येतो, भिंतीपलीकडे नाही. म्हणजे तुमची अडचण बाहेर जाणारा आवाज नाहीच, आत येणारा आहे. पंखा दोनवर चालत असेल आणि खिडकी लावत असाल तर तंबोराताईंचं बरोबर, तुमच्यासाठी एचडी ६००. खाली अगदी खोलवरचा बेस त्यात कमी आहे, रहमानच्या काही गाण्यांत ते जाणवेल, पण गळ्यासाठी या भावात मला दुसरं काही सुचत नाही. पॅड, केबल, डोक्यावरची पट्टी सगळं सुटं मिळतं, म्हणून वर्षानुवर्षं चालतो. पैसे वाचवायचे असतील तर एचडी ५६०एस, १२० ओहमचा, चालवायला सोपा, बेस थोडा जास्त खोल, पण गळ्यात तो गोडवा नाही.

खिडकी उघडीच ठेवावी लागणार असेल तर मात्र बेयरडायनॅमिकचा क्लोज्ड डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला, घ्या आणि लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर टाकून वरचा टोचणारा भाग थोडा उतरवा. फुकट आहे.

घेण्याआधी दोन्ही लावून बघा. माझ्याकडे एचडी ६०० आणि सुंदारा दोन्ही आहेत, ठाणे-पनवेल लोकल थेट सीवूड्सला थांबते, रविवारी दुपारी या. सुंदारा ३७२ ग्रॅमचा आहे आणि एचडी ६०० साधारण २६० चा, तो फरक पाच मिनिटांत कळत नाही, अख्खा ख्याल ऐकल्यावर मानेला कळतो, म्हणून वेळ काढून या.

तंबोरा_नौपाडा

दोन हेडफोन शेजारी शेजारी ऐकताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या बरं का. जो किंचित मोठा वाजतो तोच नेहमी जास्त छान वाटतो, हे कानाचं सगळ्यांच्याच बाबतीत होतं. आणि तुमची रोजची, पाठ असलेली पदं घेऊन जा, दुकानवाल्यांची डेमोची गाणी नकोत.

घोडबंदरकर

रविवार नक्की, मेसेज करतो सीवूड्सवाले दादा. एक शेवटचं, वाशीला एकजण एचडी ६०० वापरलेला विकतोय, बिलासकट, भाव बराच कमी आहे. जुना घ्यावा का?

बेलापूर_लोकल

घ्यायला हरकत नाही, हा मॉडेल जुना घ्यायला सगळ्यात सोपा. पॅड चपटे झालेले असणारच, नवीन पॅडचे पैसे धरून भाव करा, चपट्या पॅडवर आवाजही बदलतो. केबल दोन्ही कपांतून काढून परत लावा, हलवल्यावर खरखर येते का बघा. मग मोनो रेकॉर्डिंग लावा, गळा बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला तर लगेच नाही म्हणू नका, हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर हेडफोनमध्ये दोष आहे, सोडून द्या. त्याच कानाकडे राहिला तर हेडफोन ठीक आहे, कानाच्या डॉक्टरकडे एकदा मळ तपासून या.