तळे आणि शेजारची पीटभूमी: गवताच्या परागकणांची वाढ एकसारखी, पण तारखांत ८०० वर्षांचा फरक

प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका लहान तळ्याच्या तळातून २.४ मीटर लांबीचा गाळाचा कोअर (नळीने काढलेला उभा नमुना) आणि तिथून सुमारे ४०० मीटरवर असलेल्या पीटभूमीतून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पती साचून झालेल्या दलदलीतून, ३ मीटरचा दुसरा कोअर काढला आहे. पीटभूमी घुमटासारखी फुगलेली, म्हणजे केवळ पावसाच्या पाण्यावर पोसलेली आहे. तळे मात्र चुनखडीच्या खडकात असून त्याला दोन ओढे येऊन मिळतात. दोन्ही कोअरमध्ये प्रत्येक थरातील ५०० परागकण मोजले. तळ्याच्या कोअरमध्ये ११८ सेंटिमीटर खोलीवर वृक्षांचे परागकण एकाएकी घटतात आणि गवताचा वाटा १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जातो. पीटमध्ये हुबेहूब तशीच वाढ १६४ सेंटिमीटरवर दिसते.

जंगलतोडीची एकच घटना दोन्हीकडे नोंदली गेली असावी, असे धरून मी दोन्ही थरांचे रेडिओकार्बन कालमापन करून घेतले. तळ्यातला थर ३,४०० आणि पीटमधला २,६०० रेडिओकार्बन वर्षे जुना निघाला. दोन्ही तारखांची त्रुटी ३० वर्षांच्या आसपास असल्यामुळे हा फरक मोजमापातला आहे असे म्हणता येत नाही.

यातल्या कोणत्या तारखेवर विश्वास ठेवावा? आणि दोन्ही आलेख एकमेकांवर नीट बसतील अशा रीतीने तळ्याची कालरेषा सरकवून घेतली, तर ते ग्राह्य धरले जाईल का? मार्गदर्शकांचा कल या दुसऱ्या मार्गाकडे आहे, पण माझे मन घेत नाही.

उत्तर १

सर्वांत आधी एक सांगा: तळ्याच्या थरातून नेमके काय कालमापनाला पाठवले होते? एक सेंटिमीटर जाडीचा सबंध गाळ पाठवला असेल, तर बहुधा उत्तर तिथेच आहे.

चुनखडी विरघळून पाण्यात येते तेव्हा तिच्याबरोबर कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन येतो आणि त्यात कार्बन-१४, म्हणजे ज्याच्या क्षयावरून वय मोजतात तो कार्बन, मुळीच शिल्लक नसतो. तळ्यातली शेवाळे आणि पाण्याखालच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी हाच विरघळलेला कार्बन वापरतात, त्यामुळे त्या जिवंत असतानाच शेकडो वर्षे जुन्या ‘दिसतात’. पुष्कळांचा असा समज असतो की नमुना आम्लाने धुतला की चुना निघून जातो आणि प्रश्न मिटतो. आम्लाने चुन्याचे कण जातात हे खरे, परंतु शेवाळाच्या पेशींत शिरलेला असा ‘मृत’, म्हणजे कार्बन-१४ नसलेला, कार्बन सेंद्रिय पदार्थाचाच भाग झालेला असतो आणि तो कोणत्याही धुण्याने जात नाही.

आपल्या आकड्यांवर थोडे गणित करून पाहिले. नमुन्यातला १० टक्के कार्बन मृत असेल, तर त्याचे वय सुमारे ८५० वर्षांनी जास्त येते, मग खरे वय काहीही असो. आपला फरक ८०० वर्षांचा आहे, म्हणजे दहा टक्क्यांहूनही किंचित कमी मृत कार्बन त्याला पुरतो आणि चुनखडीच्या तळ्यात ही काही असाधारण गोष्ट नाही. आता उलट बाजू पाहू. तळ्याचीच तारीख खरी आणि पीटची तारीख वरून शिरलेल्या मुळांमुळे तरुण झाली असे मानायचे, तर पीटच्या नमुन्यात जवळजवळ २० टक्के कार्बन आजच्या काळातला असायला हवा. मुळे जर आजची नसून मधल्या काळातली असतील, तर हे प्रमाण आणखी वाढवावे लागेल. नमुना निवडताना मुळे वेचून काढली असतील, तर इतकी भेसळ मला संभवत नाही.

आणखी एक बाब अशी की, मृत कार्बनाचा प्रभाव सगळ्या कोअरमध्ये सारखा राहत नाही. जंगल तुटले की उतारावरची माती सुटते आणि तिच्यासोबत मातीत शतकानुशतके साठलेला जुना सेंद्रिय कार्बन तळ्यात येऊन पडतो. म्हणजे ज्या थराची तारीख आपल्याला सर्वांत जास्त हवी आहे, नेमक्या त्याच थरात चूक सर्वांत मोठी असण्याची शक्यता असते. ११८ सेंटिमीटरच्या खाली-वर चुंबकीय ग्रहणक्षमता, म्हणजे गाळातील चुंबकीय खनिजांचा अंदाज देणारा गुण, मोजली आहे का? ५५० अंश सेल्सिअसला जाळून सेंद्रिय घट, म्हणजे सेंद्रिय भाग जळाल्याने घटलेले वजन, पाहिली आहे का? तिथे खनिजांचा वाटा अचानक वाढलेला दिसला, तर मातीची धूप झाली हे बऱ्यापैकी स्पष्ट होईल.

उपाय एकच, जमिनीवर वाढलेल्या वनस्पतींचे अवशेष शोधणे. पान, कळीचे खवले, भूर्जासारख्या झाडाचे पंखवाले फळ यांनी आपला कार्बन थेट हवेतून घेतलेला असतो. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक वस्तुमानमापन पद्धतीला एक-दोन मिलिग्रॅम कार्बनही पुरतो, त्यामुळे पानाचे दोन-तीन तुकडे मिळाले तरी काम होते. गाळ १२५ मायक्रॉनच्या चाळणीतून पाण्याने हळूहळू धुवा, चाळणीवर राहिलेला भाग पांढऱ्या बशीत पसरा आणि कमी वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने वेचा. वेचलेले तुकडे त्याच दिवशी वाळवा. ओले ठेवून दिले की त्यांवर बुरशी चढते आणि तिच्यातला आजचा कार्बन तारीख तरुण करतो. वेचताना वनस्पती ओळखण्याची घाईही करू नका. मी स्वतः एकदा पाण्यातल्या वनस्पतीच्या पानांचे तुकडे जमिनीवरची पाने समजून पाठवले होते. तारखा उलटसुलट आल्या आणि कारण सापडेपर्यंत आठ महिने गेले.

उत्तर २

तारखेबद्दल वर सांगितलेले मला मान्य आहे. पण ‘एकच घटना’ हे गृहीतकही तपासायला हवे, असे मला वाटते. मी पीटवरच काम करते आणि पीटमधल्या गवताच्या परागकणांबाबत नेहमी सावध असते.

घुमटाकार पीटभूमीच्या पृष्ठभागावर गवते स्वतःच उगवतात. पाण्याची पातळी खाली गेली की स्फॅग्नम शेवाळ मागे हटते, गवते आणि हीथर नावाची बुटकी झुडपे पसरतात आणि त्यांचे परागकण जागच्या जागी पडतात. अशा वेळी आलेखात गवताची उसळी दिसते, पण भोवतालचे एकही झाड तुटलेले नसते. तळ्याच्या मध्यभागी मात्र गवत उगवत नाही. तिथे येणारे परागकण वाऱ्याने आणि ओढ्यांनी बऱ्याच दूरवरून आणलेले असतात. तळे जितके मोठे, तितका त्यात दूरच्या झाडांचा वाटा जास्त.

यावर तपासणीचा मार्ग पीटमध्येच आहे. १६४ सेंटिमीटरच्या थरात कवचधारी अमीबा पाहा. त्यांच्या जातींचे प्रमाण पाण्याच्या पातळीनुसार बदलते आणि त्यावरून पृष्ठभाग त्या काळी किती ओला होता याचा चांगला अंदाज येतो. सोबत स्फॅग्नमची पाने आणि पीट किती कुजले आहे तेही नोंदवा. त्याच थरात पीट कोरडे पडल्याच्या खुणा असतील, तर गवताची वाढ स्थानिक आहे असा संशय घ्यावा. तशा खुणा नसतील आणि टोकदार पानांच्या प्लँटेनचे (हे चराईच्या कुरणात वाढणारे तण) किंवा धान्यांच्या मोठ्या आकाराचे परागकण सापडत असतील, तर चराई किंवा शेती होती असे म्हणण्यास आधार मिळेल.

दुसरा मुद्दा टक्केवारीचा. समजा एका थरात वृक्षांचे ४०० आणि गवताचे १०० परागकण आहेत, तर गवत २० टक्के होते. वृक्षांचे परागकण निम्म्यावर आले आणि गवत होते तितकेच राहिले, तरी गवत ३३ टक्क्यांवर जाते. गवताचे एक पातेही न वाढता आलेख वर चढला. म्हणून नमुना तयार करताना मोजणीच्या तुलनेसाठी ज्ञात संख्येचे लायकोपोडियम या वनस्पतीचे बीजाणू असलेली गोळी मिसळली असेल, तर टक्केवारीसोबत प्रत्येक घन सेंटिमीटरमधली परागकणांची संख्याही काढा. १९१६ साली स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी पीटमधील परागकणांचे आलेख प्रथम मांडले, तेव्हापासून टक्केवारीची ही अडचण या शास्त्राच्या पाठीशी लागलेली आहे.

उत्तर ३

कालरेषा सरकवण्याच्या प्रश्नाला वरील दोघांनीही हात घातलेला नाही, म्हणून त्यावर लिहितो.

दोन आलेख एकमेकांवर बसवून तारीख ठरवली, तर तळे आणि पीटभूमी यांनी बदल एकाच वेळी नोंदवला का, हा प्रश्न कायमचा बंद होतो. त्याचे उत्तर आपण आधीच आलेखात घालून ठेवलेले असते. मग त्याच आलेखाकडे बोट दाखवून ‘पाहा, दोन्ही एकाच वेळी बदलले’ असे म्हणता येत नाही. जोडणी करायचीच असेल, तर ती परागकणांवर अवलंबून नसलेल्या खुणेने करावी. ज्वालामुखीच्या राखेचा पातळ थर यासाठी सर्वोत्तम आहे, कारण राख तळ्यात आणि पीटवर एकाच आठवड्यात पडते. डोळ्यांना न दिसणारे काचेचे कणही पीट जाळून वेगळे करता येतात आणि त्यांच्या रासायनिक घडणीवरून कोणता उद्रेक ते ओळखता येते. वरच्या भागासाठी सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास त्याचे शिखर आले आणि युरोपच्या बऱ्याच भागांत १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेचे दुसरे शिखर सापडते. पीटमध्ये सीझियम पाण्याबरोबर आणि मुळांवाटे खाली-वर सरकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

तळे आणि पीटभूमी हे दोन वेगळे साक्षीदार आहेत आणि त्यांची साक्ष वेगळी निघाली म्हणून कोणी एक खोटा ठरत नाही. घुमटाकार पीटला जे मिळते ते केवळ आकाशातून. म्हणूनच स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील एतां द ला ग्रुएर या पीटभूमीत १२,००० हून अधिक वर्षांचा हवेतल्या शिशाचा इतिहास वाचता आला आणि रोमन काळातल्या खाणकामाच्या खुणाही त्यात उमटलेल्या दिसल्या. तळे याउलट सबंध जलग्रहण क्षेत्राचा हिशेब ठेवते.

स्पर्धक स्पष्टीकरणांमधून निवड कशी करावी याचा नमुना म्हणून स्कॉटलंडमधील राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड या तळ्याचे काम अवश्य अभ्यासावे. १९८० च्या दशकात वाद असा होता की, तिथली तळी आम्लयुक्त झाली ती कोळशाच्या धुरामुळे पडणाऱ्या आम्लपावसाने, की चराई कमी होऊन हीथर वाढल्याने आणि वृक्षलागवडीने? या तळ्याच्या जलग्रहण क्षेत्रात वृक्षलागवड झालेलीच नव्हती. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाच्या क्षयावरून थरांचे वय ठरवून त्यांतील डायटम, म्हणजे पाण्याच्या आम्लतेनुसार ज्यांच्या जाती बदलतात ती सूक्ष्म शेवाळे, मोजले, तेव्हा आम्लता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढत गेली आणि सामू सुमारे एक एककाने उतरला, असे दिसले. वरच्या थरांत कोळसा व तेल जाळल्याने तयार होणारे गोलाकार कार्बनकणही सापडले. एकाच गाळात तारीख, जीवसृष्टी आणि प्रदूषक यांचे तीन स्वतंत्र पुरावे होते आणि त्यांतला एकही दुसऱ्याला बसवून घेण्यासाठी सरकवलेला नव्हता. आपल्या प्रबंधाचीही बांधणी अशीच व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तळ्यातून मी सबंध गाळच पाठवला होता. पीटमधून मात्र स्फॅग्नमचे देठ वेचून दिले होते. आपण सांगितल्याप्रमाणे सेंद्रिय घट पाहिली असता १२२ ते ११४ सेंटिमीटरदरम्यान खनिजांचा वाटा ठळकपणे वाढलेला आढळला. कोअरचा चिरलेला पृष्ठभाग ओल्या कापसाने पुसल्यावर तिथे राखाडी रंगाची, नखाएवढ्या जाडीची पट्टी साध्या डोळ्यांनीही दिसते. इतके दिवस ती माझ्या लक्षात आली नव्हती. काल ११६ ते ११९ सेंटिमीटरचा भाग चाळला, तेव्हा भूर्जाची चार फळे आणि पानाचे काही तुकडे मिळाले.

अमीबांची मोजणी सुरू केली आहे. तारखांसाठी आणखी केवळ तीन नमुन्यांची तरतूद आहे. त्या कुठे वापराव्यात?

उत्तर १ कडून

राखाडी पट्टीचे वर्णन वाचून फार आनंद झाला. तीनपैकी पहिला नमुना ११८ सेंटिमीटरवरची भूर्जाची फळे, याबद्दल शंका नको. दुसरा पट्टीच्या खाली, खनिजांची वाढ सुरू होण्यापूर्वीच्या थरातून, १२५ सेंटिमीटरच्या आसपास घ्या, तोही जमिनीवरच्या वनस्पतीचा. तिसरा पीटसाठी ठेवा. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या काळात रेडिओकार्बनचा अंशशोधन वक्र (रेडिओकार्बन वर्षांवरून प्रत्यक्ष वर्षे काढण्याचा आलेख) जवळजवळ सपाट आहे आणि आपली २,६०० ही तारीख त्या सपाटीच्या उंबरठ्यावर येते. १६४ च्या वर ८-१० सेंटिमीटरवर आणखी एक तारीख मिळाली, तर दोन्ही तारखा थरांच्या क्रमासह वयप्रारूपात, म्हणजे खोलीवरून वय काढण्याच्या गणितात, घालून सपाटीतली संदिग्धता बरीच कमी करता येईल.

सबंध गाळाची जुनी तारीख टाकून देऊ नका. फळांची तारीख आली की दोहोंतला फरक हाच त्या थरातल्या मृत व जुन्या कार्बनाचा अंदाज ठरेल आणि तो प्रबंधात स्वतंत्रपणे मांडता येईल. शिसे-२१० चे मोजमाप करणार असाल, तर त्याने साधारण १९०० सालचा ठरवलेला थर निवडून त्याच्या सबंध गाळाचेही पुढेमागे रेडिओकार्बन कालमापन करून घ्या. तिथे शंभरेक वर्षांपेक्षा जितके जास्त वय येईल, तितका तळ्याचा अलीकडचा कार्बनदोष समजावा. आणि ११४ ते १२२ सेंटिमीटरचा कोअरचा दुसरा अर्धा भाग अजून कापलेला नसेल, तर तो तसाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरची बाजू बाणाने दाखवून, ४ अंश सेल्सिअसला ठेवून द्या.