मदत हवी आहे: छोटं एनपीएम पॅकेज एका कमांडमध्ये बनवून पब्लिश कसं करावं?

नमस्कार मंडळी,

भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्या मी नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) एका स्क्रिप्टमधून काढतो. पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहावे लागतात, म्हणून आकड्याचे मराठी शब्द करून देणारं फंक्शन लिहिलं. ४,०८९ दिले की 'चार हजार एकोणनव्वद'. शंभरपर्यंतचे आकडे मराठीत नियमाने बनत नाहीत. ८९ ला एकोणनव्वद आणि ९९ ला मात्र नव्याण्णव, तेव्हा सरळ यादीच ठेवलीय आणि वर शे, हजार, लाख, कोटीचं गणित. शेजारच्या सोसायट्यांनीही ते मागितलं, म्हणून एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून सगळ्यांना घेता येतात ते कोठार) टाकतोय. असे आणखी काही तुकडे रांगेत आहेत.

वैताग कोडचा नाही, आजूबाजूच्या सोपस्कारांचा आहे. फोल्डर, पॅकेज डॉट जेसन (पॅकेजची माहिती असलेली फाईल), रीडमी, लायसन्स, टेस्ट, गिट... एवढ्याशा फंक्शनसाठी दर वेळी हा द्राविडी प्राणायाम! सध्या ऑफिसातल्या एका मित्राचा टेम्पलेट कॉपी करतो. आता अडलोय ते इथे:

१. साधं नाव 'आधीच्या पॅकेजशी फार मिळतंजुळतं' म्हणून नाकारलं गेलं. मग नावापुढे माझा स्कोप (@ लावलेलं माझं युजरनेम) लावला, तर पब्लिश करताना ४०२ एरर, 'प्रायव्हेट पॅकेजसाठी साइन अप करा'. मला तर सगळ्यांसाठी खुलंच ठेवायचंय, पैसे कसले?

२. पॅकेजमध्ये काय काय जाईल ते नुसतं दाखवणारं 'एनपीएम पॅक --ड्राय-रन' चालवून पाहिलं, तर यादीत सभासदांची सीएसव्ही दिसतेय! फ्लॅट नंबर, थकबाकी, सगळं. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) आहे, गिटमध्ये जात नाही, मग इथे कशी?

३. हे सगळं एका कमांडमध्ये उरकणारं काही आहे का?

प्रतिसाद
पब्लिश करायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत. काढून टाकायची सोय सहजपणे ७२ तासांपर्यंतच असते, तीही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर; नंतर अटी आणखी कडक होतात. आणि काढलं तरी तोच व्हर्जन नंबर पुन्हा वापरता येत नाही. शिवाय तेवढ्यात कोणी डाउनलोड केलं असेल तर गेलंच.

तुमच्या मित्राच्या टेम्पलेटमध्ये एनपीएमइग्नोर नावाची फाईल (पॅकेजमधून वगळायच्या फाइलींची यादी) आहे का बघा. ती असली की एनपीएम त्या फोल्डरमधल्या गिटइग्नोरकडे ढुंकूनही बघत नाही. माझं मत: दोन्हींच्या भानगडीत पडू नका. पॅकेज डॉट जेसनमध्ये 'फाइल्स' हे फील्ड घालून काय जायला हवं तेवढंच लिहा. रीडमी आणि लायसन्स न सांगताही जातात.

प्रतिसाद
४०२ चं कारण साधं आहे. स्कोपवालं पॅकेज पहिल्यांदा टाकताना एनपीएम ते प्रायव्हेटच धरतं. 'एनपीएम पब्लिश --ॲक्सेस पब्लिक' करा, पैसे लागत नाहीत. किंवा पॅकेज डॉट जेसनमधल्या 'पब्लिशकॉन्फिग'मध्ये ॲक्सेस पब्लिक लिहून ते टेम्पलेटमध्येच ठेवा, कटकट मिटली.

तिसऱ्याचं म्हणाल तर नवं पॅकेज सुरू करणाऱ्या 'एनपीएम इनिट' कमांडलाच जरा पिळून घ्या. लेखकाचं नाव आणि लायसन्स 'एनपीएम कॉन्फिग सेट'ने एकदा भरून ठेवता येतं. 'एनपीएम इनिट अमुक' म्हटलं की तो 'क्रिएट-अमुक' नावाचं पॅकेज आणून चालवतो; म्हणजे तुमचा टेम्पलेटच तसं पॅकेज करून टाकलात की नवं फोल्डर एका ओळीत तयार. पब्लिशसाठी 'एनपी' नावाचं टूल बघा. टेस्ट चालवणं, व्हर्जन वाढवणं, टॅग लावून पुश करणं, सगळं ओळीने करतं. पॅकेजचा सांगाडा बनवून देणारे तयार जनरेटर भरपूर आहेत, पण ते एवढ्याशा फंक्शनला ढीगभर कॉन्फिग फाइली चिकटवतात, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

धागाकर्ता
एनपीएमइग्नोर होती, रिकामी! उडवली. 'फाइल्स' लिहिल्यावर ड्राय-रनमध्ये इंडेक्स, पॅकेज डॉट जेसन, रीडमी आणि लायसन्स एवढंच उरलंय. सीएसव्हीही प्रोजेक्टच्या बाहेर हलवली आणि टेस्टला खोटे आकडे दिले. आज रात्री पब्लिश करतो. 'क्रिएट'वालं पुढच्या पॅकेजच्या वेळी. त्यात टेम्पलेटमधली गिटइग्नोर फाईल पॅक करताना गळते असं ऐकलंय, कोणी केलं असेल तर सांगा.